संमतिपत्रावरची तारीख

सोलापूर,
१९ मार्च २०२५

चि. प्रियास,
सप्रेम जयभीम.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, तरी सकाळी विहारात जाऊन येते. ऊन आत्तापासूनच पोळायला लागलंय. तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून ठेवलाय.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, त्यात तुझं काही चुकलं नाही. मोहोळला दोनदा येऊन गेलो. आत्या दारातच म्हणाली, "आत हाय, पण येत न्हाय म्हणती." म्हणून हे पत्र. वकिलांनी बजावलंय, कुणालाही काही लेखी देऊ नका. तरी लिहितोय.

दवाखाना बंद करतोय. शंभरावर पेशंटच्या दातांवर अजून तारा आहेत. प्रत्येकाची फाइल, एक्स-रे, फोटो दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवायचे. माझ्याबरोबर शिकलेल्या सोमेशनं चाळीस जण घेतले. बाकीच्यांच्या आया विचारतात, आमचं अर्धवटच राहिलं की हो डॉक्टर? इंटरनेटवर दवाखान्याच्या नावाखाली रोज कुणीतरी एकच स्टार देऊन जातं. त्यातल्या निम्म्यांनी सोलापूरसुद्धा पाहिलेलं नसेल. पण लिहितात ते खोटं नाही.

मला एकदा सगळं क्रमानं, माझ्या हातानं लिहायचंय. तुला ठाऊक असलेलंसुद्धा.

सोनम वेळापूरहून यायची. तिचे वडील बिरप्पा मेंढरं भावाच्या हवाली करून दर महिन्याला तिला एसटीनं आणायचे. दात इतके पुढे होते की ओठ मिटत नव्हते. दोन वर्षांत ते जागेवर आले. शेवटच्या दिवशी ती आरशासमोरून हलेना. रिसेप्शनवरून उठून तू तिचा फोटो काढलास, फाइलमध्ये ठेवायला. मी तो आधीच्या फोटोशेजारी लावून दवाखान्याच्या पेजवर टाकला. पूर्ण चेहऱ्यासकट. पेज चालवल्याशिवाय आता प्रॅक्टिस चालत नाही, असं तेव्हा सगळेच सांगत होते.

तू म्हणाली होतीस, पोरगी सोळाची आहे, बापाची लेखी परवानगी घे, नाहीतर निदान चेहरा झाक. मी म्हणालो, फॉर्मवर सही आहे की. ती सही उपचाराच्या फॉर्मवर होती, फोटोच्या नव्हे. हे मला तेव्हाही कळत होतं.

तीन आठवड्यांत कॉलेजातल्या कुणीतरी तो आधीचा फोटो कापून स्टिकर केला. वर्गाच्या ग्रुपवर कुणी काही बोललं की खाली सोनमचं तोंड. तिनं अकरावी सोडली. ऑगस्टमध्ये वकिलाची नोटीस आली, मग ग्राहक आयोगात केस.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगतो. पुढचं सांगताना 'झालं' म्हणतो. सही खोटी निघाली, तारीख मागची निघाली, प्रियाच्या लॉगिनवरून झालं. जसं काही ते आपोआप झालं.

प्रिया, ते मी केलं. नोटीस आली त्याच्या दुसऱ्या रविवारी दवाखान्यात कुणी नव्हतं. रिसेप्शनचा कॉम्प्युटर तुझ्या नावानं उघडाच होता. उपचाराच्या फॉर्मवरची बिरप्पांची सही उचलली, फोटोच्या संमतिपत्रावर बसवली, दोन वर्षांपूर्वीची तारीख टाकली आणि कागद सोनमच्या फाइलला जोडला. सॉफ्टवेअरनं खरी तारीख आणि तुझं नाव तेवढं टिपून ठेवलं.

तोच कागद मी आयोगात दिला; समोरच्या वकिलानं सॉफ्टवेअरची नोंद मागवली आणि विचारलं, हे लॉगिन कुणाचं? मी म्हणालो, "माझ्या बहिणीचं. रिसेप्शन तीच बघते." दोन्ही वाक्यं खरी होती. तू मागच्या बाकावर होतीस. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मी कागद चाळत राहिलो.

बाहेर आल्यावर तू एवढंच म्हणालीस, "दादा, आईला काय सांगायचं?" मी म्हणालो, माझं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन वाचलं तर पुढं तुला सोडवता येईल. मग पोलिसांत फिर्याद झाली, त्यात तुझं नाव आलं. चिंचोळीच्या कंपनीत तू नव्यानं लागली होतीस, त्यांनी समन्स बघून तुला घरी बसवलं. तरीही मी थांबलो. त्या रविवारपासून सात महिने थांबलो.

परवा, सोमवारी, पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. सगळं सांगितलं. वाटलं होतं, फिर्यादीतून तुझं नाव निघेल. अधिकारी म्हणाले, डॉक्टर, आता तुमचंही नाव येईल. बहिणीचं निघायचं ते कोर्टातच. तारखा तुलाही पडतील. किती वर्षं, ते कुणी सांगत नाही. डेंटल कौन्सिललाही मी स्वतः कळवलंय.

काल वेळापूरला गेलो. बिरप्पांनी बाजेवर बसायला सांगितलं, पाणी दिलं. सोनम उंबऱ्याच्या आत बसली होती, ओढणी नाकापर्यंत. पाणी पिताना तिनं ओढणी क्षणभर खाली घेतली. दात पुन्हा पुढे यायला लागलेत. दात जागेवर धरायला दिलेली ती पट्टी तिनं कधीच टाकून दिली. मी म्हणालो, नवी करून देतो, अजून वेळ गेलेली नाही. ती "नको" म्हणाली आणि उठून आत गेली.

बिरप्पांना सहीचं सांगितलं.

"म्हंजी माजी सही तुमीच केली?"

"हो."

त्यांनी बाहेर निघालेलं एक मेंढरू हाकलून आत घेतलं. मग म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. त्यो फोटू जाईल का, तेवढं सांगा."

मी सांगितलं, पेजवरून काढलाय, सगळीकडे तक्रारी केल्यात, पण लोकांच्या फोनमध्ये गेलेला कुणालाच काढता येत नाही.

"मग कशाला आला एवढ्या लांब?" ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

आईला आज सकाळी सगळं सांगितलं. तिनं माझ्या हातचा चहा घेतला नाही.

जबाबाची प्रत सोबत जोडली आहे. तुझ्या वकिलांना दे. उत्तराची वाट बघणार नाही. माफी मागायलाही तोंड नाही.

दिपक

('तुझा दादा' असं लिहायला गेलो होतो. हात धजला नाही.)