चार ओळींची मुदत

३ जानेवारी
आज कोशाचं नवीन कार्ड मिळालं. शब्द: रोक. रोमन लिपीत तीन अक्षरं. पोलिश आणि चेकमध्ये अर्थ वर्ष. क्रोएशियनमध्ये मुदत. रशियनमध्ये नियती. डचमध्ये स्कर्ट. डॅनिशमध्ये सूत कातायचा चरखा. एवढासा शब्द आणि युरोपभर पसारा.
कोपऱ्यात संपादकबाईंनी लाल पेन्सिलीनं लिहिलंय: चार ओळी. ३१ जानेवारी.
बाईंना शब्दाचा आवाका कळलेला नाही. बोललो नाही. करूनच दाखवीन.

४ जानेवारी, सकाळी ६
संकल्प: रोज सहा ते आठ फक्त रोक. मागच्या खोलीत. दार लावून.
६.४०. सगळ्या पेन्सिली तासल्या.
७.१०. टेबल खिडकीशी नेलं. उजेड डोळ्यांवर येतो. परत आणलं.
७.५५. उद्यापासून.

१९ जानेवारी
वर्ष, मुदत आणि नियती यांचा उलगडा झाला. मूळ एकच: बोलणं. बोलून ठरवलेला दिवस, त्यावरून मुदत, त्यावरून वर्ष. आणि वरून कुणी बोलून ठेवलं, ती नियती. स्वच्छ. हे चार ओळींत बसतं, म्हणूनच मला संशय येतो.
हिनं विषय काढला. मुलगी एप्रिलमध्ये बाळंत होणार. मग दोन महिने ती आणि बाळ आमच्याकडे. मागची खोली रिकामी हवी. म्हटलं, ३१ मार्च. ही म्हणाली, लिहून देता का? विनोद असावा.

३१ जानेवारी
बाईंकडे गेलो. समजावलं की ज्या शब्दाचा अर्थच मुदत, तो मुदतीत कोंबणं अशास्त्रीय. बाईंनी कॅलेंडर पुढ्यात ओढलं. म्हणाल्या, पंधरा दिवस. आणि नियम आठवतोय ना?
आमच्या कोशात एकेकाकडे एकेक अक्षर. माझ्याकडे आर. मुदत टळली की बाईंकडची कार्डाची प्रत पुढच्या अक्षराच्या टेबलावर जाते. नियम आठवणारच. अक्षर चांगलं म्हणून भिंतीवरची पाटी माझ्याचकडून लिहून घेतली होती.
पुढचं टेबल एसवालीचं. विचारते, काय आरवाले, झाला का स्कर्ट शिवून? तिनं या आठवड्यात अकरा शब्द उरकले. उरकले हाच शब्द योग्य.

१५ फेब्रुवारी
मुदत आज. जर्मनमध्ये स्कर्ट, स्वीडिशमध्ये तोच शब्द कोट. आणि डॅनिशमध्ये चरखा. कापड आणि चरखा! संबंध असणारच. असल्यास माझं नाव होईल. अशा वेळी पानं देऊन टाकणं म्हणजे गुन्हा. दिली नाहीत.

१७ फेब्रुवारी
बाई काही बोलल्या नाहीत. विश्वास म्हणतात तो हा.
एसवाली आज चहाला स्वतःहून थांबली. काहीतरी सांगायचं होतं बहुतेक. मी तिला चरख्याबद्दल पाऊण तास सांगितलं. ऐकत राहिली. बदलतेय.

३१ मार्च
मागच्या खोलीत चपलांची सव्वीस खोकी, सगळी कार्डांनी भरलेली. हलवली तर क्रम मोडेल. हे हिला सांगितलं. ही म्हणाली, मग पाळणा कुठे ठेवू, चरख्यावर?
दोन आठवडे मागितले.

१६ एप्रिल
नातू झाला. काचेतून पाहिला. मूठ घट्ट आवळलेली. मुलगी दमली होती. विचारलं, बाबा, खोली? म्हटलं, तू घरी येशील तेव्हा रिकामी. नक्की? नक्की.
घरी येऊन तडक कामाला लागलो. नवीन खोकी आणली.

२३ एप्रिल
मुलगी आली. पाळणा बैठकीत, दाराच्या तोंडाशी. बेल वाजली की बाळ दचकतं. मी मोठ्यानं वाचलं तरी दचकतं. बेल काढून ठेवली. माझ्या बाजूनं शक्य ते केलं.

२९ एप्रिल
जावई आले. फार सभ्य माणूस. म्हणाले, आमच्याकडे जरा मोकळं आहे. पाळणा त्यांनी एकट्यानं उतरवला. मी धरायला गेलो तर मुलगी म्हणाली, राहू द्या बाबा, तुमचं काम चालू असेल. ही तिच्याबरोबर गेली, महिनाभरासाठी.
घर शांत. कामाला उत्तम.

३० एप्रिल
बसवत नाही. बैठकीत जाऊन आलो. पाळण्याच्या पायांचे चार ठसे उमटलेत सतरंजीवर. पुन्हा जाऊन आलो.

८ ऑगस्ट
एका परदेशी प्राध्यापकांना पत्र लिहिलं होतं, चरखा आणि स्कर्टबद्दल. उत्तर आलं: सांगणं कठीण. म्हणजे नाकारत नाहीत.
ही म्हणाली, तो पालथा पडायला लागला. मला आधी वाटलं, कोश.

१२ नोव्हेंबर
ही दर रविवारी मुलीकडे जाते. आज म्हणाली, चला. जवळजवळ निघालोच होतो. बूट घातले होते. मग नियतीचं खोकं सापडेना.
संध्याकाळी सापडलं. बुटांच्या कपाटात.

३ जानेवारी
बरोबर वर्ष झालं. रोकला एक रोक. हा योगायोग नव्हे, आखणी आहे. दोनशे बारा पानं. स्कर्टला अजून हात लावलेला नाही. बाईंना दाखवायला नेली. बाई छापखान्यात होत्या. एसवालीला टी मिळालाय. पानं पाहून तिचा चेहरा पडला. असूया.

१९ मे
आर खंड छापून आला.
पान ४०९. रोक. चार ओळी. वर्ष, मुदत, नियती, मूळ बोलणं. स्कर्ट आणि चरखा वेगळे, परस्परसंबंध अनिश्चित. तीनदा वाचलं. चूक शोधली. नाही. सुटलेलं काही शोधलं. नाही.
टीवालीकडे गेलो. म्हणाली, कार्ड सोळा फेब्रुवारीला माझ्याकडे आलं होतं. मागच्या वर्षीच्या. सांगणार होते हो तेव्हाच, पण तुम्ही इतके खुशीत होतात. किती वेळ लागला, विचारलं. तिला सांगायचं नव्हतं. मी हटून बसलो. म्हणाली, चहाच्या आधी झालं.
भिंतीवरची पाटी वाचली. अक्षर खरंच चांगलं आहे.

२५ मे
एकेचाळीस खोकी खाली नेली. सहा तास. खोली झाडली, पुसली. खिडकी उघडली. उजेड चांगला येतो.
मुलीला फोन केला. म्हटलं, खोली रिकामी झाली, पाळणा घेऊन ये. मागून धपधप आवाज येत होता, आणि हसण्याचा.
म्हणाली, बाबा, तो चालतो आता.