मातीची मान

प्रिय सायफोन,

तुझ्या नवऱ्याचा फोन आला आणि हातातली भाताची टोपली खाली ठेवून मी अंगणात नाचले. मुलगी झाली! फोटोही बघितला. कसली ओंगळ, कसली काळतोंडी पोर गं! असंच म्हणायचं हो, तूही म्हण. तान्ह्याला देखणं म्हटलं की भुतं कान टवकारतात. आपला मेला भट्टीवाला चालाम म्हणतो कसा, "आजी, नाक तुमचंच, बसकं!" मी म्हटलं, "तुझ्या तोंडात साखर पडो."

फोनवर सगळं बोलले, एक सोडून. ते सांगायला जीभ वळेना, म्हणून चौथी शिकलेल्या या हातानं लिहितेय. रागावशील, पण आधी ऐक.

सातव्या महिन्यात इथं येऊन तू ती मातीची बाई घडवलीस. पोट पुढं आलेलं, माझ्या जुन्या नेसूची नक्षी, चेहरा तुझा. "आपली थाई बाई म्हणजे देवळाच्या भिंतीवरची हसरी अप्सरा नाही गं आजी," म्हणालीस, "तिचे पाय सुजतात, तिला भीती वाटते." चालामनं भट्टी लावली, बाईला तडासुद्धा गेला नाही. मी गावभर मिरवलं, नातीची बाई बँकॉकच्या प्रदर्शनात जाणार! आणि मग तुझी डॉक्टरीण म्हणाली, बाळ आडवं आहे.

तूही आडवीच होतीस, पोरी. हे तुला कुणी सांगितलं नाही. आमच्यात जुनी रीत होती. बाळंतपण अडेलसं वाटलं की मातीची इवली बाई करायची, कडेवर पोर द्यायचं, तिची मान मोडायची आणि डोकं-धड तिठ्यावर टाकून यायचं. न्यायला आलेल्या भुताला वाटतं, न्यायची ती मिळाली. माझ्या आईनं माझ्यासाठी केलं होतं. तुझ्या आईच्या वेळी मी म्हटलं, दवाखाना आहे, आता कोण करतं असलं. तू आलीस आणि माझी लेक लम्दुआन गेली. तीस वर्षं तेच मनात घोळतंय.

म्हणून काल तुला ऑपरेशनला आत नेल्याचं कळलं तेव्हा मला थांबवेना. बाहुली करून वाळवायला वेळ कुठला? घरात भाजलेली एकच बाई उभी होती. मी कोयत्याच्या पाठीनं तिची मान तोडली. दोन घाव लागले. धड हातगाडीवर घालून तिठ्यावर ठेवून आले. डोकं मात्र टाकवेना गं. तुझा चेहरा धुळीत कसा टाकू? ते घरातच आहे. रीत अर्धीच झाली, आणि त्या भुताला फसवणूक कळली तर, या विचारानं घास उतरत नाही. पुढच्या बुधवारी प्रदर्शनवाल्यांची गाडी येतेय. धड उचलून आणून दोन्ही त्यांच्या हवाली करू, की डोकंही टाकून येऊ? बाई तुझी, तूच सांग. टाक म्हणालीस तर टाकीन, पण तिठ्यावरून परत येईपर्यंत फोनवर माझ्याशी बोलत राहा. तुझा आवाज कानात असू दे.

तुझीच, भ्यालेली
आजी