पांढऱ्या रुमालाचा मान

दुबई, ६ जानेवारी २०२५

ती. कुंदाताईस गुणवंतचा शि. सा. न. वि. वि.

हाताने लिहिल्याशिवाय मला बोलल्यासारखं वाटत नाही. कागदाचा फोटो कैवल्य तुला पाठवील. तर त्याचंच, आपल्या नातवाचं, लग्न ठरलं! मुलगी कझाकस्तानची, इथल्या मरीना भागात त्याच्याच ऑफिसात आहे. नाव अक्बोता, म्हणजे पांढरं उंटपिल्लू. हसू नकोस, त्यांच्याकडे लेकरांना लाडाने असंच म्हणतात.

परवा तिच्या आजी व्हिडिओवर आल्या नि माझ्या घराला ‘कारा’ म्हणाल्या. कारा म्हणजे काळं! मी चहाचा कप खालीच ठेवला. मग पोरीने हिंदीत समजावलं, की घराला काळं म्हटलं म्हणजे ते मूळचं, थोरलं, सगळे परत येतात ते. भाड्याच्या दोन खोल्यांना एवढा मान!

आता काम. त्यांच्यात वराकडची मोठी बाई नवरीच्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधते. कैवल्यला आई नाही, आजीही नाही. थोरली तूच. मार्चअखेर इथेच दुबईत, ऊद मेथा भागात, हॉल घेतलाय. तू यायचंस.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा गुणवंत

चिपळूण, ९ जानेवारी

चि. गुणवंतास अनेक आशीर्वाद.

उंटपिल्लू गोड आहे. पण तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? नव्या नवरीच्या डोक्यावर पांढरं, आणि तेही माझ्या हातून? हे गेल्यापासून मी मुंजीत, बारशात मागच्या खुर्चीवर बसते. कुणाला सांगावं लागत नाही, मीच बसते. लाल शेला आणा, एखादी सवाष्ण बोलवा. मी इथूनच अक्षता टाकीन.

गोळ्या वेळेवर घे. रागावलास तरी लिहीत जा.

कुंदाताई

दुबई, १० जानेवारी

ती. ताईस शि. सा. न.

मी ऐकणार नाही. अगं, त्यांच्यात दुधाला नुसतं ‘पांढरं’ म्हणतात. घरात साप शिरला तर मारत नाहीत, त्याच्यावर दूध ओतून बाहेर सोडतात. प्रवासाला निघालेल्याला पांढरी वाट लाभो म्हणतात.

तुझं मी अक्बोताला सांगितलं. म्हटलं, ताई पांढरंच नेसते, म्हणून नको म्हणते. पोरीला वाटलं, तू कुणी फार मानाची! म्हणाली, नेहमी पांढरं नेसणाऱ्या आजी असताना दुसरं कुणी बांधेलच कसं?

आठवतं, शाळेत कविता चालीवर म्हणताना ‘शुभ्र’ आलं की गुरुजी डोळे मिटून घ्यायचे? त्या शब्दात शुभ आहे, ताई. ते त्यातून काढलं कुणी?

सवाष्ण बोलावणार नाही. तू आली नाहीस तर रुमाल घडीतच राहील. खलास.

हट्टासकट मला सांभाळून घे.

गुणवंत

चिपळूण, १६ फेब्रुवारी

चि. गुणवंतास आशीर्वाद.

तुझं ‘शुभ्र’ वाचून आधी चीडच आली. मी ते रोज धुते, नीळ घालते, वाळत टाकते. त्यात शुभ मला कधी दिसलं नाही. महिनाभर उत्तर दिलं नाही ते त्यामुळेच. मात्र शेजारच्या मुग्धाला घेऊन पासपोर्टचं करून आले. काल तो आला.

येते. रुमाल मीच बांधणार, वाऱ्याने सुटणार नाही असा. कुणी नाक मुरडलं तर त्याला तुझ्या त्या शाळेतल्या कविता चालीवर ऐकव, आपोआप उठून जाईल.

एक मात्र आहे. बांधून झालं की त्या पोरीने मला कुंकू लावायचं. त्यांच्यात लाल कशासाठी असतं मला ठाऊक नाही. कशासाठीही असो. सगळ्यांसमोर लावायचं.

विमानतळावर तूच ये, पोरांना पाठवू नकोस.

तुझी कुंदाताई