उसाच्या पडावावरची शाळा

नाना,

पॉडकास्ट म्हणजे काय हे तुम्हाला कसं समजावायचं, या विचारात माझा अर्धा रविवार गेला. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "म्हणजे रेडिओच ना? मग सरळ रेडिओ म्हण की." हो, रेडिओच. फरक इतकाच की इथं बोलणारी मी असते, आणि ऐकणाऱ्याला वाटेल तेव्हा मला थांबवता येतं, मागे नेता येतं. तुमच्या वर्गात तुम्हाला थांबवायची कुणाची छाती नव्हती. चौथीत मी तुमच्याच वर्गात होते. एकदा भागाकार चालू असताना तोंडातून निघून गेलं, "नाना, हे नाही कळलं," तर तुम्ही मला शाळा सुटेपर्यंत उभं केलंत. "इथं मी कुणाचा नाना नाही," म्हणालात. संध्याकाळी जेवताना आईने विचारलं, "पोरीला जे कळलं नव्हतं, ते शेवटी सांगितलं का?"  तुम्ही हात धुतलेत आणि पाटी घेऊन चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसलात. आई हसते आहे, तव्यावर भाकरी फुगते आहे आणि तुम्ही पाटीवर रेघा मारता आहात, हे मला अजून दिसतं.

मी शिकवताना तुम्ही मला कधी पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा माझं डी.एड. चालू होतं. आता मी साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. मागे धुळ्याला आमचं प्रशिक्षण झालं, तिथं एका उत्साही सरांनी सांगितलं की आता शाळाशाळांचे ब्लॉग निघाले पाहिजेत. ब्लॉग म्हणजे तुमचं ते भित्तिपत्रक, फक्त भिंत मोबाईलमधली. आम्ही सगळे कंबर कसून कामाला लागलो. वृक्षारोपणाचे फोटो टाकले, प्रभातफेरी टाकली, मुलांच्या कविता टाकल्या. वाचायचं कुणी? आम्हीच. या शाळेच्या बाईंनी त्या शाळेच्या सरांचं वाचायचं आणि खाली "खूप छान उपक्रम" असं लिहायचं, मग सरांनी तोच आहेर परत करायचा. गावात मात्र कुणाला त्याचा पत्ता नव्हता. वाचता येणारे थोडे, आणि ज्यांना येतं त्यांना आमच्या वृक्षारोपणात काय रस असणार! मी वैतागून ते बंद करायला निघाले होते.

पण दिवाळी झाली आणि दरवर्षीप्रमाणे गाव रिकामं झालं. इकडचे बरेच लोक नवापूरच्या पलीकडे, गुजरातेत, ऊसतोडीला जातात ते थेट वैशाखात, आखाजीच्या सुमारास परततात. बरोबर पोरंही जातात. वर्गातले अर्धे बाक रिकामे, आणि परत येईपर्यंत त्यांची वार्षिक परीक्षा होऊन गेलेली असते. एकदा परीक्षा हुकली की पुढच्या वर्षी यायची त्यांना लाज वाटते, मग ती येतच नाहीत. तुम्हाला हे सांगायला नको, तुम्ही तर सायकल हाणत पोरांना घरातून उचलून आणायचात. मी विचार केला, वाचणं जमत नसेल तर ऐकणं तरी जमेल. पडावावर, म्हणजे तोडणारे लोक झोपड्या टाकून राहतात तिथं, एखादा तरी फोन असतोच. म्हणून रोजचा धडा मी दहा-पंधरा मिनिटं बोलून फोनवर पाठवू लागले, हाच माझा पॉडकास्ट. शाळेत शांत जागा एकच, खिचडीच्या तांदळाची खोली. चारी बाजूंनी पोती रचलेली, त्यामुळे आवाज घुमत नाही. मी पोत्यावर बसून पूर्णांक-अपूर्णांक समजावते आहे आणि मध्येच स्वयंपाकाच्या मावशी डाळीचं माप घेऊन दार ढकलून विचारतात, "बाई, आज दाय कितली काढू?" ते तसंच गेलं. पोरांना धड्यापेक्षा तेच जास्त आवडलं म्हणे.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. सातवीतल्या एका मुलीचा निरोप आला, तिच्याच आवाजात. हुशार पोर, वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करणारी. आईबाप उसात गेले की पडावावर धाकट्या भावाला सांभाळायचं आणि भाकरी टाकायची, म्हणून तिला न्यावं लागलं होतं. हसू दाबत ती म्हणाली, "बाई, तुम्ही सांगतस, फळ्याकडे देखा. आठे फळा कोठे शे?" मी पुन्हा ऐकून पाहिलं तर खरंच की! समोर तांदळाची पोती आणि मी बिनदिक्कत म्हणते आहे, "आता फळ्याकडे बघा, इथं मी काय लिहिलंय?" ही सवय तुमची, नाना. मी ती सोडायचा प्रयत्न केला, पण जीभ ऐकेना. मग काही दिवसांनी त्या पोरीने एक फोटो पाठवला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा निळा फाळका, त्यावर बापाच्या तंबाखूच्या डबीतल्या चुन्याने बोटाने लिहिलेला माझा अपूर्णांक. समोर जमिनीवर बसलेली बरीच पोरं, त्यातली निम्मी मी कधी पाहिलेलीही नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करते. धुळ्याच्या बैठकीत मी तो फोटो दाखवला आणि टाळ्या घेतल्या.

टाळ्यांचा ताप नंतर झाला. परीक्षा जवळ आली तेव्हा मी तिच्या वडिलांना फोन केला. म्हटलं, भाऊ, आता पोरीला पाठवा, गावात आजी आहे, आजीजवळ राहील आणि परीक्षा देईल. माणूस वाईट नाही, माझ्याशी फार अदबीने बोलतो. तो म्हणाला, "बाई, शाळा ते आते फोनमाच शे. मंग तिले परत कसाले धाडू?"  ज्यांना शाळेशी बांधून ठेवावं म्हणून हा खटाटोप केला, त्यांनाच मी शाळेत न येण्याचं कारण हातात दिलं होतं. सातवीनंतर आमच्या गावात वर्ग नाही. ती आत्ता आली नाही तर आठवीला बाहेरगावी कोण पाठवणार? एक-दोन वर्षांत कोयता तिच्या हातात येणार आणि मग लग्न. स्टाफरूममध्ये सहकारी म्हणाले, "बाई, तुम्ही पाठवायचंच बंद करा, आपोआप येतील." मी तोही विचार केला. पण त्या फोटोतली बाकीची पोरं डोळ्यांसमोरून हलेनात.

रविवारी सकाळी मी साक्रीहून नवापूरची बस धरली. तिथून पुढे गुजरातची गाडी, मग मुकादमाच्या माणसाच्या मोटरसायकलवर. पडावावर पोचले तेव्हा दुपार कलत होती, आईबाप अजून फडातच होते. मी ट्रॉलीच्या आडून आधी आवाज ऐकला. ती माझा धडा लावते, एका वाक्यावर थांबवते, मग पोरांकडे वळून तेच त्यांच्या बोलीत सांगते. एका पोराला कळलं नाही तर चुन्याने लिहिलेलं पुसून परत काढून दाखवते. न चिडता. ती पोरं तिला "बाई" म्हणतात, तिच्यापेक्षा बोटभर उंच असलेला एक मुलगासुद्धा. मला पाहून ती दचकली, फोन बंद केला, ओढणीने फाळका पुसायला लागली, जणू मी तिला चोरी करताना पकडलं होतं. मी म्हटलं, राहू दे ग. 

वडील आले, चहा झाला, मी माझं म्हणणं मांडलं. परीक्षा म्हणजे काय, आठवी म्हणजे काय, फोनमधली शाळा तिला दाखला देणार नाही, हे सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिलेच इचारा. तिनी मर्जी." मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं ती उडी मारून तयार होईल. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाली, "मी येसू बाई. पन ह्या पोरेसले कोन शिकाडी?"

नाना, त्या क्षणी मला आईची कावीळ आठवली. मी तेव्हा या पोरीच्याच वयाची होते. आई अंथरुणाला खिळलेली, मी स्वयंपाक करते, धाकट्याला न्हाऊ घालते, आणि शाळेचं नाव काढत नाही. शेजारणी म्हणत होत्या, पोर किती गुणाची. मला त्याचं दुःख नव्हतं, उलट मी खूश होते. मी मोठी झाले होते, माझ्यावाचून घर चालत नव्हतं. तुम्ही एका सकाळी शर्टाच्या बाह्या वर केल्यात आणि परातीपुढे बसलात. कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ तुमच्या मनगटापर्यंत माखलं होतं, भाकरीला एकीकडे भेग आणि एकीकडे कच्चा गोळा. मी हसले तर तुम्ही रागावलात. "हसतेस काय? दप्तर काढ. आज तू घराला लागलीस ना, तर कायम लागशील. मग तुला कुणी सोडणार नाही." तुमचं ते वाक्य मला तेव्हा फार कठोर वाटलं होतं. तुम्ही मला घरातून हाकलता आहात असंच वाटलं होतं. त्या कच्च्या भाकऱ्या डब्यात घालून मी रडत शाळेत गेले, म्हणून आज मी बाई आहे.

तेच वाक्य मी त्या पोरीला सांगितलं.  बाप उठला, धाकट्याला फडात नेऊ म्हणाला, तिचं गाठोडं बांधलं आणि तिला माझ्याबरोबर गाडीत बसवलं. नवापूरपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. तिने परीक्षा दिली, चांगली दिली. आठवीसाठी साक्रीच्या मुलींच्या वसतिगृहात तिचा अर्ज मीच भरला आहे आणि वडिलांचा होकारही आला आहे. म्हणजे जे हवं होतं ते झालं. सगळे माझं कौतुक करतात. धुळ्याचे ते सर म्हणतात, हा अनुभव ब्लॉगवर लिहा, बाई. तिथं मी तो लिहिणार नाही. तुम्हाला लिहिते आहे, आणि हे पत्रही आधीच्या पत्रांसारखं घडी घालून कपाटात ठेवणार आहे.

कारण एक गोष्ट मी बसमध्येच ओळखली होती. तुम्ही मला दाराबाहेर काढलंत तेव्हा माझ्या जागी तुम्ही स्वतः परातीपुढे बसला होतात. मी त्या पोरीला उठवलं आणि तिच्या जागी कुणालाच बसवलं नाही. धडे मी अजून पाठवते, रोज, न चुकता. तिकडून आता निरोप येत नाही. परीक्षा झाली तरी सुट्टी लागायची आहे; ती माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसते, सगळं लिहून घेते, हात मात्र वर करत नाही. ती पोरं आता काय करतात, हे मी तिला अजून विचारलेलं नाही, नाना. तिला ते माहीत असणार, आणि ती मला सांगेल, याचीच मला भीती वाटते.