रिकाम्या टाकीचा नकाशा

४ फेब्रुवारी

सेन्सर लावायला गेले आणि भांडून आले!

निळ्या बोटीचा मालक. आम्ही त्याला घोडेस्वार म्हणतो. कधीही बघा, घोड्यावर बसूनच आलेला. त्याच्या डिझेलच्या टाकीत आत एक उभा पत्रा आहे, डिझेल फार हिंदकळू नये म्हणून. आपला सेन्सर म्हणजे छोटा रडारच; टाकीच्या डोक्यावर बसतो, खाली लहरी सोडतो, त्या डिझेलवर आपटून परत येतात, त्यावरून किती भरलंय ते कळतं. पण आत पत्रा असला की लहरी त्याच्यावरूनही परततात. मग टाकी ठणठणीत कोरडी असली तरी हा गडी म्हणतो, अर्धी आहे! म्हणून आधी टाकी पूर्ण रिकामी करायची आणि त्याला शिकवायचं – बाबा रे, हे जे दिसतंय ते डिझेल नाही, याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. ह्याला आम्ही रिकाम्या टाकीचा नकाशा म्हणतो. एकदा नकाशा घेतला की तेवढ्या जागेतून काहीही आलं तरी तो ढुंकून बघत नाही.

"आहे त्या डिझेलवरच घ्या की नकाशा. काय फरक पडतो?" – घोडेस्वार.

म्हटलं, मग तो डिझेललाच पत्रा समजेल. समोर असून दिसणार नाही त्याला. भर समुद्रात बसा बोंबलत! तोंड पाडून त्याने टाकी रिकामी केली. माझी दुपार गेली ती गेलीच.

घरी आले. घर म्हणजे बोटच, ह्यांची. ह्यांना जाऊन दोन वर्षं होतील. कुलूप काढताना अजून वाटतं, आतून खोकल्याचा आवाज येईल.

७ फेब्रुवारी

मुलाचा महिन्याचा फोन.

"बरी आहेस?" – बरी आहे. "जेवलीस?" – जेवले. "बोटीचं काय ठरवलंस?" – विकणार नाही. "बरं."

संपलं! दूधवाल्याशी माणूस याहून जास्त बोलतो. लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, दमत असेल, मान्य. पण खरं कारण ते नाही. हे गेल्यावर म्हणाला, बोट विक, आमच्याकडे ये. सूनबाईसुद्धा म्हणाली, अगदी मनापासून. मी नाही म्हटलं. चौथ्या मजल्यावर बसून मी काय करू? खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या मोजू? "तुझा हट्ट तुला लखलाभ," म्हणाला. तेव्हापासून फोन असे शिळे.

१५ फेब्रुवारी

आज दिवसभरात मला कोणी हाक मारली नाही.

२१ फेब्रुवारी

एका गिऱ्हाइकाने ओरखडा आलेला सेन्सर परत केला. वर्कशॉपचे शेठ म्हणाले, फेकून द्या. फेकते कशाला! माझ्याच पाण्याच्या टाकीवर बसवला. टाकी पलंगाखाली आहे, प्लास्टिकची, भोकसुद्धा पाडावं लागत नाही. वर चिकटवला की प्लास्टिकच्या आरपार बघतो. धक्क्यावरच्या वायफायला जोडला, फोनवर त्याचं ॲप घातलं. फोन मुलाचा जुना, खातंही त्याचंच उघडं होतं. असू दे म्हटलं. माझं वेगळं कुठे आहे? जे जे विचारलं त्याला 'हो' दाबत गेले. भिंतीवर एक छोटा पडदाही लावला, आकडा दिसायला.

आणि नकाशा? टाकीत निम्म्याला थोडं कमी पाणी होतं. सगळं उपसून टाकायचं जिवावर आलं. तसाच घेतला, पाण्यासकट! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घोडेस्वाराला कळलं तर हसत हसत धक्काभर सांगत सुटेल. पण मग टाकी वरपर्यंत भरली, आणि यापुढे तशीच ठेवणार. तिथवर पाणी उतरतंय कुठे?

आकडा बघायला बरं वाटतं. चूळ भरली की एकाने खाली. घरात काहीतरी हलतंय.

२ मार्च

पलीकडच्या रांगेतले बोटीवरचे आजोबा गेले. कधी गेले ते कोणालाच नक्की माहीत नाही. धक्क्याच्या वॉचमनला त्यांचा दिवा भर दुपारी चालू दिसला, म्हणून कळलं. "बिचारे शांतपणे गेले," असं जो तो म्हणतो. शांतपणे! आवाज ऐकायला होतं कोण?

मला भीती मरायची नाही. मी उठले नाही तर कोणाला कळेल, ह्याची आहे. शेठना कळेल, काम अडलं की. आणि मुलाला? पुढच्या महिन्याच्या फोनला. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं तरीही.

१९ मार्च

धक्क्यावरची पाण्याची लाइन फुटली, नेमकी टाकी भरायची राहून निम्म्यावर आलेली असताना. दुरुस्तीला किती दिवस, देव जाणे. अंघोळ वर्कशॉपच्या न्हाणीत. बोटीवर फक्त चहा आणि पिण्यापुरतं.

आणि फोन पाण्यात पडला! वाकून पंप बघत होते, खिशातून सुळकन बोटीच्या तळाच्या काळ्या पाण्यात. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय. उठण्याची चिन्हं नाहीत.

२२ मार्च

भिंतीवरचा आकडा त्रेचाळीसवर अडकलाय. परवापासून तोच. अगदी जिथे नकाशा घेतला तिथवर पाणी उतरलं आणि सेन्सरसाहेबांना दिसेनासं झालं. शेवटचा आकडा धरून बसलेत. बोटाने टाकी वाजवून बघितली, पाणी आहे. करते कधीतरी नीट. कोणाला घाई आहे?

२४ मार्च

काय दिवस!

सकाळी मी वर्कशॉपमध्ये एका गाडीच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून बसलेली. बाहेर आरडाओरडा. वॉचमनचा आवाज – "अहो वहिनी आत आहेत, धडधाकट आहेत, थांबा तरी!" आणि दारात माझा मुलगा! दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. बाहेर त्याचा ट्रक, मालासकट, रस्ता अडवून उभा.

"आई! पाणी का वापरलं नाहीस?"

मला काही समजेना. कुठलं पाणी?

"त्रेचाळीस! दिवसचे दिवस त्रेचाळीस! फोन बंद! मला वाटलं…" स्टुलावर बसला आणि तोंड दोन्ही हातांत लपवलं. शेठ लगबगीने पाणी घेऊन आले. मी हात पुसायचेही विसरले होते.

खातं त्याचं होतं ना. मी सेन्सर लावला त्या दिवसापासून त्याच्या फोनवर माझी टाकी दिसतेय. एका शब्दाने बोलला नाही! आधी माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आईवर पाळत ठेवतोस? लाज नाही वाटत?

"सकाळी आकडा एकाने उतरला की मला कळतं, चहा टाकलास," तो म्हणाला. "मग मी गाडी चालू करतो."

मी म्हटलं, मग फोन का नाही करत मेल्या?

"फोन केला की आपण बोटीवरून भांडतो. टाकी भांडत नाही."

वर्कशॉपच्या मधोमध, ग्रीसच्या हातांनी, मी त्याला जवळ घेतलं आणि रडले. शर्ट खराब केला त्याचा.

२५ मार्च

रात्री बोटीवरच झोपला, बापाच्या जागेवर. घोरतोही तसाच. किती दिवसांनी गाढ झोपले.

सकाळी नकाशाची खरी गोष्ट सांगितली. पोट धरधरून हसला. "जगाला शिकवतेस आणि स्वतः? मी रात्रभर ट्रक हाणला गं!" दोघांनी मिळून टाकी उपसली, तळ पुसला, नीट रिकाम्या टाकीवर नकाशा घेतला. लाइनही दुरुस्त झाली होती. वरपर्यंत भरली. त्याने त्याचा जास्तीचा फोन मला दिला.

म्हटलं, तुझ्या डिझेलच्या टाकीवरही बसवते एक, मला दिसू दे. "नको गं आई, कंपनीची गाडी आहे, तोडफोड चालत नाही." बरं.

जाताना म्हणाला, "आता रोज फोन करतो." बोटीचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.

३ एप्रिल

रोज नाही, पण करतो. काल सूनबाईही बोलली. "आई, तुमचं पाणी मीसुद्धा बघते हं." गोड आहे पोरगी.

१९ एप्रिल

या आठवड्यात फोन नाही. लांबची खेप असेल.

६ मे

शेवटी मीच लावला. "अगं बरी आहेस ना? बघतो की मी रोज. आकडा हलतोय म्हणजे आई ठणठणीत!" मागे हॉर्न वाजत होते. "ठेवू?"

ठेव.

आकडा अगदी बरोबर दाखवतो आता. थेंबाचीही चूक नाही. माझं काम आहे ते, पक्कंच असणार. बिघडला होता तेव्हा पोरगा रात्रभर ट्रक हाणत आला होता. नीट केला आणि त्याची काळजी मिटली. माझ्याच हातांनी मिटवली मी.

१४ मे

जेवताना भिंतीवरच्या पडद्याशी बोलले. वेड लागायची लक्षणं.

२२ मे

कालपासून बोटीवरचा नळ उघडलेला नाही. अंघोळ वर्कशॉपमध्ये केली. चहापुरतं पाणी वॉचमनकडून मागून आणलं. "लाइन तर चालू आहे की वहिनी," म्हणाला. म्हटलं, असू दे. फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवलाय.

आकडा एकसष्ट. कालही तोच.