एकतीस नंबर

सोल, ३ मे १९८६

तीर्थरूप मामांना हेसुकचा नमस्कार.

काल सुखरूप पोचले. बोटीत मामींनी दिलेला भात आणि वाळवलेली मासळी संपवली, त्यामुळे शेजारच्या बाईंनी मला खादाड समजलं असणार. बारा दिवस तुमच्या चौथीच्या वर्गात मागे बसू दिलंत, मुलांना ‘ही विद्यापीठातली ताई, हिच्याकडे बघायचं नाही’ असं बजावलंत, हे उपकार मी विसरणार नाही. आमच्या शिक्षणाच्या समाजशास्त्राच्या वर्गात दुसऱ्या कुणाला अशी शाळा मिळालेली नाही.

मी वहीत काय रेघोट्या ओढते, असं तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी हसून वेळ मारून नेली. वर्गात कोण किती बोलतं, एवढंच टिपत होते. निबंध झाला की कळवीन.

मामींना नमस्कार. तुमचा खोकला अंगावर काढू नका.

तुमचीच,
हेसुक

बेटावरून, २८ मे १९८६

चि. हेसुक हिस मामाचा आशीर्वाद.

खोकला गेला. मामी म्हणते, तो खोकला नव्हताच, तू वर्गात बसलीस म्हणून मी ऐटीत घसा खाकरत होतो. बायकोच्या तोंडाला कोण लागणार!

निबंध झाला असेल तर एक प्रत पाठव. मुख्याध्यापकांना मी सांगून बसलोय की सोलच्या विद्यापीठात आपल्या शाळेवर लिहिलं जातंय. ते रोज विचारतात. सव्वीस वर्षं शिकवतोय, पण माझ्या शिकवण्यावर कुणी एक ओळ लिहिली नव्हती. ती लिहिली तीही आपल्या भाचीने, याचं मला किती वाटतं ते पत्रात लिहिता येत नाही. अवघड शब्द असले तरी चालतील, कोश घेऊन बसेन.

किमच्या शेवाळाचा हंगाम संपला. आता मागच्या बाकांवरची मुलं जरा कमी पेंगतात.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
मामा

सोल, २० जून १९८६

तीर्थरूप मामांना नमस्कार.

उशिरा लिहितेय, रागावू नका. निबंध प्राध्यापकांकडे आहे. टंकलेखन व्हायचंय. शिवाय नुसते तक्ते आणि आकडे आहेत, वाचून कंटाळा येईल. सुट्टीत येईन तेव्हा तोंडीच सांगेन.

इथे उकाडा फार आहे. मामींना सांगा, त्यांच्या हातच्या गार शेवयांची आठवण येते.

हेसुक

बेटावरून, ९ जुलै १९८६

चि. हेसुक,

आशीर्वाद. शेजारच्या शाळेतला तरुण शिक्षक बोंग रजा घेऊन तुमच्याच विभागात शिकतोय, हे तुला ठाऊक असेल. तो गावी आला होता. परवा तालुक्याच्या बैठकीत जेवणानंतर त्याने एक नक्कल केली. एक गुरुजी मासळीच्या लिलावघराच्या मालकाच्या मुलाला मधाळ आवाजात म्हणतो, ‘आमचे थेजुन सांगतील बरं का.’ आणि मागच्या रांगांकडे न बघताच म्हणतो, ‘मागे, शांत.’ सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. कोणाची नक्कल आहे, हे मला सर्वांत शेवटी कळलं.

ती नक्कल माझी आहे, हे बोंगला माहीत नव्हतं. त्याने सांगितलं की ही त्याने विद्यापीठातल्या एका मुलीकडून उचलली, ती फार हुबेहूब करते.

मामीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. प्रत पाठवायची गरज नाही.

मामा

सोल, १८ जुलै १९८६

तीर्थरूप मामांना,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही. तुमचं पत्र चार दिवस पांघरुणाखाली ठेवलं होतं.

निबंध टंकलेखनाला गेलेला नव्हता. तो ५ जूनलाच वर्गात वाचून झाला होता. मी खोटं लिहिलं. या पत्रासोबत प्रत पाठवतेय. त्यात तुमचं नाव नाही, गावाचं नाव नाही, असं मी स्वतःला बजावत राहिले. जणू नाव खोडलं की माणूसही खोडला जातो.

आकडे असे आहेत. बारा दिवसांत तुम्ही चारशे सोळा प्रश्न विचारलेत. त्यातले तीनशे दोन पुढच्या दोन रांगांना. तिथे लिलावघर, पतपेढी आणि कचेरी यांतल्या माणसांच्या घरची मुलं बसतात. किम वाळवणाऱ्या घरांची मुलं मागे. आठ मुलांना एकही प्रश्न नाही. हे मी मोजलं ते खरं मोजलं, आणि त्याची मला लाज नाही.

लाज वेगळ्याच गोष्टीची आहे. मी निबंध वाचायला उभी राहिले. माझ्या वर्गातल्या मुलींचे वडील वकील, डॉक्टर. कुणी ऐकत नव्हतं. मग मी तुमचा आवाज काढला आणि सगळे एकदम वर बघून हसले. त्यांनी पुन्हा कर म्हटलं, मी पुन्हा नक्कल केली. पहिल्यांदाच मला त्यांच्यातली झाल्यासारखं वाटलं. त्यासाठी मी तुम्हाला वापरलं. ज्यांनी माझ्या प्रवेशपरीक्षेच्या दिवशी फाटकाबाहेर थंडीत सात तास उभं राहून काढले, त्यांना.

आणि आणखी एक. मी चौथीत तुमच्या वर्गात होते तेव्हा ‘हेसुक, तू सांग’ हे दिवसातून दहादा ऐकायचे. मी हुशार आहे असं मला वाटायचं. तेव्हाही मागे कुणीतरी बसलंच असेल. ते मी निबंधात लिहिलं नाही.

तुम्ही म्हणाल तर निबंध मागे घेते. पदवी एक वर्ष लांबेल, लांबू दे.

तुमच्या लोभाला आता पात्र नसलेली,
हेसुक

बेटावरून, ४ सप्टेंबर १९८६

चि. हेसुक हिस मामाचा आशीर्वाद, आणि हा मनापासून.

दीड महिना लिहिलं नाही. आधी रागावलो होतो. निबंध वाचला, कोश न घेता वाचता आला. तुझी मोजणी चुकली असणार म्हणून शाळा उघडल्यावर मीच मोजायचं ठरवलं. सकाळी उजव्या खिशात सोयाबीनचे चाळीस दाणे घालायचे. शेवटच्या दोन रांगांतल्या मुलाला प्रश्न विचारला की एक दाणा डाव्या खिशात. पहिल्या दिवशी डाव्या खिशात चार आले, आणि तेही मी लक्ष ठेवून विचारत होतो म्हणून. मामीला धुताना पँटमध्ये सोयाबीन सापडले. तिला सगळं सांगावं लागलं. त्या रात्री जेवायला तिने सोयाबीनचंच कालवण केलं.

त्या मुलांना मी विचारत नसे ते कीव येऊन. हंगामात पहाटेपासून ओल्या किमच्या चटया पसरून येतात, डोळे मिटतात. म्हटलं, झोपू दे बिचारी. त्या चांगुलपणातच माझी सव्वीस वर्षं गेली. हंगाम संपतो, तरी मी त्यांना झोपलेलीच धरतो.

परवा भरती-ओहोटीचा धडा होता. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला विचारलं. ती उठून उभी राहिली. सगळा वर्ग मागे वळला. ती म्हणाली, ‘गुरुजी, मला विचारलंत?’

मी हो म्हटलं. मग तिने पाणी कुठल्या तिथीला सर्वांत लांब जातं, त्या दिवशी कुठला खडक उघडा पडतो आणि परतायला किती वेळ मिळतो, हे सगळं सांगितलं. तिची आई त्या खडकांवर जाते. ते पुस्तकात नव्हतं, मलाही माहीत नव्हतं. मी खुर्चीवर बसलो. पोरं म्हणाली, गुरुजींना बरं वाटत नाही.

निबंध मागे घेऊ नकोस. मला दुखलं ते आकड्यांनी नाही, हसण्याने.

फक्त एक विचारतो. ती मुलगी तुझ्या कागदात ‘क्रमांक ३१, संपूर्ण मौन’ आहे. तू बारा दिवस तिच्या शेजारच्या बाकावर बसलीस. तिचं नाव काय?

उत्तराची वाट बघणारा,
मामा

सोल, १२ सप्टेंबर १९८६

तीर्थरूप मामांना हेसुकचा नमस्कार.

मला तिचं नाव माहीत नाही.

दोन्ही वह्या पानन् पान चाळल्या. कुठेच नाही. चेहराही आठवत नाही. तिसऱ्या दिवसाची एक नोंद तेवढी सापडली: ‘सकाळी ९.४०. क्र. ३१ ने बसायची उशी निरीक्षकाकडे सरकवली. वर्गात सहभाग नाही.’ एप्रिलची थंडी होती आणि माझ्या बाकावर नुसती फळी होती, ते आता आठवलं. मी त्या उशीवर पुढचे दहा दिवस बसले. ती फळीवर बसली. मी तिच्याशी एक शब्दही बोलले नाही, कारण निरीक्षकाने बोलायचं नसतं.

चुसकच्या सणाला मी येतेय. निबंध बरोबर आणते. नक्कल लपवलेली नाही. ती कुणी केली, कशासाठी केली आणि कोण हसलं, ते तिथे लिहिलंय. आधी तुम्हाला आणि मामींना वाचून दाखवीन. एकतीस हा आकडा होता तिथे जागा कोरी सोडलीय. तिच्या घरी मला एकटीलाच जाऊ द्या, आणि तिचं नाव तुम्ही सांगू नका. मी तिला विचारीन.

जमलं तर पूर्वीसारखाच जीव लावा.
हेसुक