जहराच्या पुढच्या चढावर

अप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी कोणत्या आवाजात बोलायचं तेही आता आठवावं लागतं. सध्या मी कुवेतमध्येच आहे, खैतानला, मुलाच्या घरी. परवा त्याने मला गाडीतून उत्तरेकडे फिरवून आणलं. जहरा मागे पडलं, तो चढ आला आणि मी म्हटलं, जरा थांबव. "आई, इथे थांबता येत नाही," तो म्हणाला, आणि तेवढ्यात चढ संपलाही. मला काही वाटलं नाही. पण घरी आल्यावर लिहायला बसले.

मी नर्स म्हणून इथे आले तेव्हा आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. तुमचं ट्रक चालवणं पाठीच्या दुखण्याने सुटलं होतं, आणि तुम्ही ट्रान्सपोर्ट कंपनीच्या यार्डात गाड्यांची देखभाल बघत होतात. आई गेल्याची तार आली तेव्हा कचेरीतल्या कारकुनाने ती दारातूनच ओरडून सांगितली होती. तुम्ही ट्रकवर ताडपत्री बांधत होतात. ती शेवटच्या गाठीपर्यंत बांधलीत आणि मग खाली उतरलात. हे मला तुम्ही नाही, यार्डातल्या एका ड्रायव्हरने सांगितलं. मी नर्सेसच्या हॉस्टेलवरून तुमच्याकडे जेवायला यायचे, पण आपण दोघं आईबद्दल कधी बोललोच नाही. तुम्ही विचारायचात, "ड्युटी कुठली आहे?" मी सांगायचे. मग तुम्ही वरण वाढायचात.

शुक्रवारी सुट्टी असली की तुम्ही बसऱ्याच्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांना भेटायला निघायचात. ड्रायव्हरला चर्चमध्ये यायला सवड नाही, तर चर्चने उठून त्याच्याकडे जावं, असं तुमचं म्हणणं. केरळचे, गोव्याचे ख्रिस्ती ड्रायव्हर भेटले तर त्यांच्यासोबत प्रार्थना, बाकीच्यांना डोळ्यांत घालायचे थेंब, डोकेदुखीच्या गोळ्या आणि गप्पा. मुसलमान ड्रायव्हरांपुढे तुम्ही कधी पवित्र शास्त्र उघडलं नाहीत, तरी तेही तुम्हाला पाद्रीमामाच म्हणायचे. गाडी तेलकंपनीतल्या त्या उंच अमेरिकन माणसाची असायची. तो त्यांच्याकडच्या डोंगराळ मुलखातला, कोळशाच्या खाणींच्या गावचा. बरोबर आणलेलं त्याचं व्हायोलिन हनुवटीखाली नसायचं, छातीला टेकवून धरलेलं असायचं. त्याच्या आजोबांकडून आलेल्या चाली तो वाजवायचा, एकच चाल पुन्हा पुन्हा, गोल फिरल्यासारखी. लग्नात आणि मयताला आमच्याकडे हेच वाजतं, तो म्हणायचा. ड्रायव्हर लोक चहाचे पेले हातात घेऊन ऐकायचे. कुणी पायाने ठेकाही धरायचं.

त्या शुक्रवारी मीही तुमच्याबरोबर आले. गाडीत बसल्यावर तुम्ही सांगितलंत की आज आधी रत्नागिरीकडच्या त्या ड्रायव्हरला गाठायचं आहे. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. आदल्या संध्याकाळी कंपनीत तार आली, पण तोवर तो माल घेऊन बसऱ्याकडे निघाला होता. तो इराकची हद्द ओलांडून गेला असता तर आठवडाभर सापडला नसता, आणि वाटेत कुणी ना कुणी त्याला जाताजाता सांगून टाकलं असतं. मी म्हटलं, "कंपनीला सांगू द्या ना अप्पा. तुमचं काय काम त्यात?" तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाहीत. "गप बस. कंपनी कागद वाचून दाखवते," एवढंच म्हणालात. अमेरिकनाला मराठी कळत नव्हतं, पण त्याने गाडीचा वेग वाढवला.

जहराच्या चहावाल्याकडे तो ड्रायव्हर नव्हता. तिथे बसलेल्या दोघा ड्रायव्हरांना मात्र बातमी कळलेली होती. "मामा, तो आत्ताच पुढं गेला. आम्ही काय बोललो नाय," एकजण म्हणाला. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि चहा न घेताच निघालात. अमेरिकनाने व्हायोलिनच्या पेटीला हातही लावला नाही, तेव्हा चहावाल्याला नवल वाटलं.

तो चढावरच सापडला. ट्रक कडेला उभा, मागचं चाक काढलेलं, आणि तो एकटाच घामाघूम होऊन दुसरं चाक बसवतोय. आपल्याला पाहून तो हसला. "पाद्रीमामा, अल्लानं बरा धाडलान तुमाला!" आणि तुम्ही, पाठ धरलेली असताना, त्याच्या शेजारी वाळूत बसता. पाना हातात घेता. मी तिथे उभी राहून विचार करते आहे, अप्पा सांगत का नाहीत? तुम्ही एकेक नट आवळता. अमेरिकन जॅक काढतो. मग तुम्ही डब्यातलं पाणी त्याच्या हातावर ओतता, आपले हात धुता, त्याला पंक्चर झालेल्या टायरवर बसवता आणि स्वतः समोर उकिडवे बसता. त्याचं मनगट तुमच्या हातात आहे.

"तुझ्या घरून तार आली."

"अम्मा?"

"नाही रे."

"मग ती?"

"ती. बाळ आहे. मुलगी आहे, बरी आहे."

"माती झाली?"

"झाली असणार."

तो रडला नाही. मी नर्सच्या नजरेने त्याच्याकडे पाहत होते: श्वास ठीक, डोळे स्थिर, ओठ कोरडे. मला आणखी काही दिसत नव्हतं, आणि आत काही हलतही नव्हतं. तो म्हणाला, "मी आता काय करू, मामा?" तुम्ही म्हणालात, "आधी नमाज पढ. आम्ही थांबतो." त्याने वाळूवर नमाज पढली. तुम्ही डोक्यावरची टोपी काढून मागे उभे राहिलात. शेजारी अमेरिकन, तोही बोडका. रस्त्यावरून लॉऱ्या जात होत्या, धूळ उडत होती.

नमाज झाल्यावर तो पुन्हा टायरवर येऊन बसला आणि म्हणाला, "त्याला सांगा, कायतरी वाजव. हे गप बसणं सोसत नाय." अमेरिकनाने पेटी उघडली. त्याने वाजवलेली चाल अगदी संथ होती, वर चढायची आणि पुन्हा खाली यायची. दुसऱ्या फेऱ्याला तुम्ही गायला लागलात. मी आधी ओळखलंच नाही. अकोले तालुक्याच्या डोंगरात भात लावताना बाया गातात तसलं गाणं, आईच्या माहेरचं. आई घरात गुणगुणायची ते. चाल वेगळी होती, तरी तुम्ही शब्द त्यात बसवत गेलात. शब्द अडला की तुम्ही थांबायचात, व्हायोलिन तुमच्यासाठी वाट बघायचं. तो मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने तुमचा हात धरला आणि रडू लागला. तुमचं गाणं चालूच. तुमच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

ट्रक तुम्हीच हद्दीपर्यंत नेलात, पाठीचा त्रास सोसत, तो शेजारी बसलेला. आम्ही दोघं मागून गाडीत. तिथे कंपनीच्या दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात मालासकट ट्रक दिलात आणि रत्नागिरीकराला घेऊन गाडीतून परत आलात. पुढच्या बोटीने तो गावी गेला. मुलीला आपल्या आईच्या स्वाधीन करून काही महिन्यांनी परत कामावर आला. दर शुक्रवारी रात्री तुमच्याकडे जेवायला येऊ लागला, आणि आपल्या ताटांच्या शेजारी तिसरं ताट आलं. मुलगी बसायला लागली, दात आले, चालायला लागली, सगळं तो तुम्हाला सांगायचा. तुम्ही हसायचात. मी इतकी वर्षं तुमची मुलगी असून तुम्हाला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मला त्याचा हेवा वाटला असता, पण तेव्हा मला तेवढंही वाटत नव्हतं. तुम्ही इस्पितळात गेलात तेव्हा शेवटचे दोन दिवस तो बाहेर बाकावर बसून होता, आणि शवपेटीला पहिला खांदा त्याने दिला. अमेरिकन तोवर आपल्या देशी परत गेला होता, म्हणून वाजवायला कुणी नव्हतं. प्रार्थना झाली, गीत झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीवर गेले.

हे पत्र घडी घालून माझ्या शास्त्राच्या पुस्तकात ठेवणार आहे. मुलाला नि नातवाला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे कुणी वाचेल अशी भीती नाही. एक मात्र सांगून टाकते. त्या शुक्रवारी मी तुमच्याबरोबर निघाले, तेव्हा मुलीला प्रार्थनेची ओढ लागली असं समजून तुम्ही अमेरिकनाला अभिमानाने सांगितलंत. मी ऐकलं होतं ते. अप्पा, मला प्रार्थनेचं काही नव्हतं. हॉस्टेलच्या खोलीत एकटं बसवत नव्हतं, एवढंच.